निळ्या चिंधीचा देव

देव जमिनीतून वर येणार ही बातमी कुंभारीतून निघाली तेव्हा देव जेमतेम मुठीएवढा होता. अक्कलकोट रोडला लागेपर्यंत तो हातभर वाढला. सोलापुरात शुक्रवार पेठेत पोचला तेव्हा त्याला झुबकेदार मिशा आल्या होत्या, बसायला नंदी आला होता आणि त्या नंदीच्या गळ्यातली घंटा एका चहावाल्यानं ऐकलीही होती. स्वतः नव्हे, त्याच्या मेव्हण्यानं. मेव्हणा खोटं बोलणारा नव्हता, फक्त त्याला ऐकायला जरा कमी यायचं.

तर अशी ती अर्धी पेठ रिक्षा भरभरून कुंभारीत उतरली. तिथं बिडी कामगारांच्या वसाहतीच्या कडेला विशेष मुलांची एक शाळा आहे आणि शाळेच्या मागं मुलांनी स्वतःच्या हातानं केलेली बाग. वांगी, मेथी, टोमॅटो, दोडक्याचा मांडव, एक वाफा हरभऱ्याचा. गर्दी त्या बागेत शिरली आणि मेथी चपलांखाली गेली. टोमॅटोचा लाल चिखल झाला. पाण्याच्या ड्रमवर चढून माणसं माना लांब करू लागली. कारण बागेच्या मधोमध, दोडक्याच्या मांडवाच्या खांबाला हात बांधून, शाळेतलीच रेश्मा उभी होती आणि तिच्या पाठीवर चाबकाचा कोरडा पडत होता.

पहिल्या रांगेत, तोंडात पदराचा बोळा कोंबून, तिची आई वच्छला उभी होती. पोरीला आणून देणारी तीच.

कोरडा होता भुईफोड महाराजांच्या हातात. डोळ्यांत काजळ, गळ्यात माळा आणि माळांच्या गर्दीत दोरीला लटकवलेला चष्मा. झोळीत मोबाइल. तो वाजला की महाराज बोट आभाळाकडं करून म्हणायचे, "वरनं हाय," आणि मांडवामागं जाऊन बोलून यायचे.

"बोल! कोन हायेस तू?" महाराज गरजले. "पिंपळावरची? हिरीतली? का ह्या वांग्यातली?" वांगी समोर होती म्हणून वांग्यातली. "बोल!"

रेश्मा समोरच्या वांग्यांकडं बघत राहिली.

"बघा! कसलं निबर पिशाच्च हाय! तोंड उघडत न्हाय."

गर्दीतून एक आवाज आला, "महाराज, ती पोर जल्मापास्नं बोलत न्हाय."

"म्हंजी जल्मापास्नं धरलंय!" महाराजांनी कोरडा उचलला आणि गर्दीनं "आहाहा" केलं, जणू मोठ्या डॉक्टरनं रोग ओळखला.

सट्. फ्रॉक फाटला. सट्. फाटलेल्या जागी लाल रेघ उमटली आणि रेघेतून रक्त पाझरायला लागलं. रेश्माच्या घशातून एक आवाज निघाला, दार ओढताना कोयंडा कुरकुरतो तसा. वच्छलानं डोळे मिटले. महाराजांनी तिला सांगितलं होतं, मार पोरीला बसत नाही, आतल्याला बसतो. रक्त आतल्याचं असतं. वच्छलानं ते घट्ट धरून ठेवलं होतं. धरून ठेवायला दुसरं काही नव्हतं.

मग महाराज एकाएकी थांबले. नाक वर करून हुंगू लागले. हुंगत हुंगत बागेच्या कोपऱ्यात गेले, तिथं वाळलेलं गवत पसरलं होतं. तिथं त्यांनी लोटांगण घातलं आणि मातीला कान लावला.

"येऊ का म्हंतोय!" ते ओरडले. "भुईच्या पोटात देव हाय! आनि ह्या येड्या पोरांनी देवाच्या टाळक्यावर वांगी लावली! म्हनून ही पोरं येडी झाली!"

शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर बडेसाब कुंपणापाशी उभा होता. तो म्हणाला, "महाराज, पोट्टे पहिलेसेच ऐसे हैं. म्हनून तर शाळेत आलेत की."

"म्हंजी देवानं आधीच वळखलं होतं, ही पोरं वांगी लावनार म्हनून!"

बडेसाबनं डोकं खाजवलं. असल्या उत्तरापुढं भलेभले डोकं खाजवतात.

महाराजांनी त्या जागेभोवती हळदीचं रिंगण काढलं. आत जो पाय टाकेल त्याचा पाय झडेल. अमावास्येला सकाळी बायाबापड्यांनी घागरी घेऊन यायचं, देवाला पाणी घालायचं. दिवस मावळताना देव भुई फोडून वर येईल. आणि देवाच्या साक्षीनं तापलेला विळा रेश्माच्या जिभेला लावला की जिभेवर बसलेलं उठेल. "आनि पोरीचा पैला शब्द," महाराज वच्छलाकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "आई."

इतका वेळ कोरडा खाताना पोर रडली होती. हा शब्द ऐकून आई रडली.

तेवढ्यात गर्दी कोपरांनी फोडत दाक्षायणीबाई आल्या. बागकाम शिकवणाऱ्या शिक्षिका. त्यांनी काही बोलण्याआधी कोरडा धरला, दुसऱ्या हातानं रेश्माची दोरी सोडायला सुरुवात केली. "लाज वाटत नाही? लेकरू आहे ते!"

"देवाच्या कामात बाई आडवी आली!" महाराजांचा चेला ओरडला. कुठून तरी दगड आला. त्याच्या मागून दुसरा. शाळेच्या खिडकीची काच खळकन फुटली आणि तिसरा दगड बाईंच्या भुवईवर बसला. त्या गुडघ्यावर आल्या. रक्त डोळ्यात गेलं तरी दोरीची गाठ त्यांनी सोडली नाही, सोडवली.

"कोन मारा जी बाईकू?" बडेसाब पुढं झाला. सगळे हात रिकामे होते. दगड देवानंच टाकले असावेत. बडेसाबनं बाईंना गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

*

वच्छलाचं घर वसाहतीतल्या शेवटच्या ओळीत. नवरा भिवंडीला यंत्रमागावर, सणाला तोंड दाखवणारा. घरात सासू मल्लव्वा, रेश्मा आणि तेंदूपत्त्याचा वास. वच्छला मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. बोटं आपोआप चालायची आणि डोकं मोकळं राहायचं. तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता.

दोन दिवसांनी दाक्षायणीबाई घरी आल्या. कपाळाला पट्टी, डोळा निळा.

"वच्छलाताई, तापलेला विळा लावला तर जीभ जळेल. जेवता यायचं नाही तिला. पाणी गिळता यायचं नाही."

"देव बगंल ते," कोपऱ्यातून मल्लव्वा म्हणाली. ती कर्नाटकाच्या बाजूची, राग आला की अर्धी कन्नड बोलायची. "तू सुम्म बस की गं बाई. देव सोता येतो म्हंतोय आनि ही मास्तरीण नको म्हंते!"

"पोलिसांना कळवलंय मी. अशा अघोरी प्रकाराला कायद्यानं बंदी आहे. अमावास्येला दुपारपर्यंत येतो म्हणालेत ते."

"बोलवा की," वच्छला म्हणाली. तिची बोटं थांबली नव्हती. "तुमी काय केलं माज्या पोरीचं? इतकी वर्सं चिखल खेळवला."

"चिखल?" बाई पुढं सरकल्या. "ताई, तिला वाचता येत नाही, म्हणून आम्ही वाफ्यांना चिंध्या लावतो. टोमॅटोला लाल, मेथीला हिरवी, हरभऱ्याला निळी. निळी चिंधी तुम्हीच दिलेल्या इरकली लुगड्याची. बाकीची पोरं चुकतात, रेश्मा चुकत नाही. कोंब वर आला की ती पान तोडून चाखते आणि मग चिंधी लावते. चाखून झालं की शेजारी जो असेल त्याच्या तोंडात एक पान कोंबते. कुठं उकरलेली माती दिसली की डबाभर पाणी घालून येते. सांगावं लागत नाही. आणखी काय काय करेल ती, पण..."

"मला कोंब न्हाय पायजेत!" वच्छलानं सूप बाजूला आपटलं. तंबाखू उडाली. "मला एकदा आई म्हनल्यालं आयकायचंय. तुमाला काय कळायचं? तुमाला लेकरू हाय का?"

बाईंनी पट्टीवरून हात फिरवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि तो देव कसा वर येणार तेही मला ठाऊक नाही. पण आणणार माणसाच्या हातानं, एवढं नक्की. आला की मी बघायला येईन. तुम्हीही डोळे मिटू नका. परवा मिटले होतेत."

त्या गेल्या. आणि भर उन्हाच्या वेळी, वसाहत घोरत असताना, रेश्मा दारातून आत आली. फ्रॉकची कड ओली, कोपरापर्यंत चिखल, हातात तेलाचा जुना डबा. वच्छलाच्या अंगात बाईंवरचा राग अजून उकळत होता. तो तिनं पोरीवर ओतला. आधी थोबाडीत, मग सूप घेऊन पाठीवर, ज्या पाठीवर कोरड्याच्या खपल्या धरत होत्या तिच्यावर. सुपाची कड मोडली. खपली निघाली. रेश्मा भिंतीला टेकून बसली, डबा पोटाशी धरून. लाथेनं त्याला पोचा आला होता. तो तिनं आतून मूठ घालून नीट केला.

दुसऱ्या दिवशीही कड ओली. तिसऱ्याही. रोज मार.

"पिशाच्च पान्याकडं ओढतंय तिला," मल्लव्वा म्हणायची.

कुठं भिजून येते, हे कुणी विचारलं नाही. रेश्माला विचारून उत्तर यायचं नव्हतं, हे खरं. पण पाय उचलून तिच्या मागं जायला तोंड लागत नाही. घरात मार द्यायला हात होते, मागं जायला पाय नव्हते.

*

अमावास्येला सकाळी कुंभारीत एवढी गर्दी होती की सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेतले पाळणेवाले इकडंच का आले नाहीत असं वाटावं. बाया घागरी घेऊन आल्या होत्या. चेला हलगी बडवत होता. बागेत आता बाग उरली नव्हती. दोडक्याचा मांडव सरपणाला गेला होता आणि त्याच सरपणाच्या निखाऱ्यांवर विळा तापवायचा होता. पण संध्याकाळी. वच्छलाला वाटत होतं, अजून पूर्ण दिवस आहे. दाक्षायणीबाईंना वाटत होतं, दुपारी पोलीस येतील, आपण गाडी घेऊन आधीच जाऊन बसू. दोघींनाही दिवस मोठा वाटत होता.

महाराज रिंगणापाशी आले, डोळे मिटून पुटपुटले, काठीनं गवत बाजूला केलं.

देव आधीच वर आला होता.

काळा दगड, शेंदूर फासलेला, कोपरावर रेलून कुणी वर्तमानपत्र वाचावं तसा तिरका. चारी बाजूंनी माती फुटलेली.

महाराजांनी चेल्याकडं बघितलं. चेल्यानं आभाळाकडं बघितलं. हलगी थांबली. त्या एका क्षणात महाराजांच्या तोंडावर जे आलं ते फक्त वच्छलाला दिसलं, कारण या वेळी तिचे डोळे उघडे होते. देव दिसलेल्या माणसाचं ते तोंड नव्हतं. गावाला सोडून आलेली बायको अचानक दारात दिसावी, तसं होतं.

पण महाराज धंद्यात मुरलेले. "घाई झाली!" ते किंचाळले. "देवाला घाई झाली! भक्ताच्या ओढीनं आधीच आला रे!"

गर्दी फुटली. लोक रडू लागले, लोळू लागले, घागरी फुटल्या. एका बाईच्या अंगात आलं, तिला धरणाऱ्या बाईच्याही आलं, मग दोघींना धरायला कुणी उरलं नाही.

"आता मुहूर्त ह्योच!" महाराज म्हणाले. "विळा घाला निखाऱ्यात!"

दिवस संपला. सकाळीच.

वच्छलानं रेश्माचं डोकं मांडीवर धरलं, मल्लव्वानं पाय. विळ्याचं पातं आधी काळं राहिलं, मग जांभळं झालं, मग त्याच्या टोकाला पहाटेसारखी लाली चढली. लाकडी मुठीला धरून महाराजांनी तो उचलला. आच वच्छलाच्या गालाला लागली. रेश्मा तिच्याकडं बघत होती, खालून वर, पापणी न हलवता. महाराजांनी पोरीच्या जबड्यात दोन बोटं घातली.

रेश्मानं चावा घेतला. दात हाडाला लागल्याचा आवाज आला.

महाराज बोंबलले आणि उलट्या हातानं त्यांनी तिच्या तोंडावर अशी हाणली की ओठ फुटून रक्त वच्छलाच्या लुगड्यावर उडालं. तो आवाज वच्छलाच्या ओळखीचा होता. आठवडाभर रोज दुपारी तिच्या घरात तोच आवाज होत होता, तिच्याच हाताचा. हा काही पिशाच्चाला मारत नव्हता. हा चावला म्हणून मारत होता. आणि आपण?

तिचे हात सुटले. सुटले की सोडले, हे तिला पुढं कधी सांगता आलं नाही.

रेश्मा मल्लव्वाच्या हातातून पाय झटकून उठली ती थेट हळदीच्या रिंगणात.

"पाय झडंल!" गर्दी ओरडली आणि पायाकडं बघू लागली. पाय जागेवर होता. दुसराही टाकला. तोही राहिला. रेश्मा देवापुढं उकिडवी बसली. देवाकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. दगडाच्या बुडाशी, फुटलेल्या मातीतून, बारीक हिरवे कोंब डोकावत होते. तिनं एक पान खुडलं, फुटक्या ओठांत घातलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग दुसरं खुडलं, धावत आली आणि आईच्या तोंडात कोंबलं. बागेत शेजारी उभं असलेल्या सगळ्यांना ती द्यायची, तसंच.

मग कमरेला खोचलेली काटकी काढून तिनं देवाच्या डोक्याशेजारी रोवली. काटकीला निळी चिंधी होती.

वच्छलाच्या जिभेवर आंबट पसरलं. आंबट आणि जरा खारट. तिची आई थंडीत पहाटे हरभऱ्याच्या शेतावर धुतलेलं धोतर अंथरायची, दवाबरोबर पानांवरची आंब त्यात उतरायची आणि ती पिळून बाटलीत भरून ठेवायची, पोटदुखीला. लहानपणी वच्छला ते ओलं धोतर चोखायची आणि आईच्या हातचा धपाटा खायची. ही चव तिला झोपेतही कळली असती.

"हरभरा," ती म्हणाली.

"काय?" मल्लव्वा म्हणाली.

"देवाच्या बुडाखाली हरभरा हाय."

"हिला बी धरलं!" महाराज ओरडले. "धरा हिला! लेकीतलं आईत गेलं!"

कुणीतरी मागून वच्छलाचा अंबाडा धरला. मान मागं ओढली गेली. कंबरेत लाथ बसली. ती पुढं कोलमडली ती महाराजांच्या अंगावर, आणि उठली तेव्हा विळ्याची मूठ तिच्या हातात होती. तिनं विळा गरकन फिरवला. अंबाडा धरणारा हात सुटला. महाराजांच्या दाढीला पातं पुसटसं लागलं, चुरचुर आवाज होऊन केस जळाल्याचा वास सुटला, आणि ज्यांच्यापुढं भुतं पळतात ते महाराज मागच्या मागं तुडवलेल्या वांग्यांत बसले.

वच्छला रिंगणात शिरली आणि विळा देवाच्या बुडाशी मातीत मारला.

चर्र! ओल्या मातीतून वाफेचा लोट उठला. बाया किंचाळल्या. तिनं पुन्हा मारला, मूठ खाली दाबली, दगड हलला, कलंडला आणि गडगडत चेल्याच्या पायापाशी गेला.

खाली खड्डा होता. काठोकाठ हरभरा. फुगलेला, सालं फुटलेला, एकमेकांत गुंतलेल्या पांढऱ्या मोडांचा. वच्छलानं ओंजळ भरून वर काढली.

त्याच वेळी कुंपणाशी शाळेची गाडी करकचून थांबली. बडेसाब आणि दाक्षायणीबाई धावत आत आले. बडेसाबनं खड्ड्यात डोकावून बघितलं.

"वा जी," तो म्हणाला. "देव चल्या गया, नाश्ता छोडके गया."

*

लोक खड्ड्याभोवती दाटले, वाकवाकून बघू लागले. मग एक आवाज आला, "फसवलं आपल्याला!" आणि जो दगड आठ दिवसांपूर्वी खिडकीवर गेला होता त्याचे भाऊबंद महाराजांवर पडायला लागले.

ज्यांनी लोटांगणं घातली होती तेच लाथा घालत होते. हलगी चेल्याच्या डोक्यात घातली, ती फाटून गळ्यात अडकली. महाराजांच्या माळा तुटल्या, दात पडला, चष्म्याच्या काचा कपाळात घुसल्या. "मारा! जित्ता सोडू नका!" कुणीतरी निखाऱ्यातलं जळतं लाकूड उचललं. महाराज रांगत रांगत निघाले आणि सगळी कुंभारी सोडून दाक्षायणीबाईंच्याच पायाला जाऊन बिलगले.

बाई त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. ढकलाढकलीत पट्टी सुटली, जखम पुन्हा वाहू लागली.

"थांबा! त्या दिवशी माझ्या डोक्यात दगड घातला तेव्हा काही विचारलं नाहीत. आज ह्याच्या घालताय, आजही विचारत नाही. हात तेच, दगड तेच!"

"बाई, बाजूला व्हा, न्हायतर..."

"न्हायतर काय?" वच्छला बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. विळा आता काळा पडला होता, पण धार होती तशीच होती. "सगळ्यात आदी मी मारायला पायजे ह्याला. माज्या पोरीची पाठ बगा. पर ह्यानं बोलायला पायजे. माज्या पोरीचं तोंड बंद हाय. ह्याचं चालू ऱ्हाऊ द्या."

जळतं लाकूड खाली आलं. वच्छलानं विळ्याचं टोक चेल्याकडं केलं. "तू सांग. काय केलं?"

गळ्यात हलगी अडकलेला चेला पोपटासारखा बोलला. खड्डा करायचा, त्यात कोरडा हरभरा भरायचा, वर दगड ठेवून माती लोटायची, गवत पसरायचं. ठरल्या दिवशी सकाळी लोकांनीच पाणी घालायचं. हरभरा पाणी पितो, फुगतो, त्याला पसरायला जागा लागते. खाली जमीन, बाजूला जमीन, मग तो दगडालाच वर ढकलतो. दिवस मावळेपर्यंत देव हजर. "बऱ्याच गावात केलंय की आमी," तो म्हणाला, जरा अभिमानानंच. मग त्याचा चेहरा पडला. "पर हितं अजून कुनी पानी घातलंच न्हाय! आदीच कसा फुगला? पानी कुनी घातलं?"

तेवढ्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

पोचा आलेला डबा घेऊन रेश्मा ड्रमपाशी उभी होती. तिनं तो भरला, गर्दीतून वाट काढत आली, उकरलेल्या मातीत ओतला आणि परत भरायला गेली. फ्रॉकची कड ओली झाली होती.

वच्छलानं ती कड बघितली. रोज दुपारची ती ओली कड. सगळी वसाहत पाय झडण्याच्या भीतीनं लांब होती, राखणीचा चेला सावलीत घोरत होता, आणि ही एकटी रोज येऊन देवाला पाणी घालून जात होती, कारण उकरलेल्या मातीला पाणी घालायचं असतं. सोलापूर जिल्ह्यात मैलोन्‌मैल कोरडी जमीन पडली आहे. भुईफोड महाराजांनी नेमकी अशी जागा निवडली जिथं खणलेली माती पोरं कोरडी राहू देत नाहीत.

पोलीस आले तेव्हा महाराज स्वतःहून धावत जाऊन त्यांच्या गाडीत बसले. तेवढा एकच चमत्कार त्यांनी त्या दिवशी खरा करून दाखवला.

दाक्षायणीबाईंनी गर्दीला तसंच घरी जाऊ दिलं नाही. काचेच्या एका बरणीत त्यांनी गळ्यापर्यंत हरभरा भरला, पाणी ओतलं, वर बशी ठेवली आणि बशीवर एक गोटा. "उद्या सकाळी या. ही बरणी इथंच भिंतीवर असेल. मी मंत्र म्हणणार नाही, कुणाला मारणार नाही."

सकाळी बरेच लोक आले. गोटा उचलला गेला होता, बशी तिरकी झाली होती, दाणे काठावरून बाहेर डोकावत होते. लोकांनी बरणीला हात लावून बघितला. मल्लव्वा सगळ्यात जास्त वेळ बघत राहिली.

"पर बाई," ती म्हणाली, "ह्या बरणीत बी देव असंल की."

"असेल, आजी," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "पण तो विळा मागत नाही ना?"

मल्लव्वानं नाही म्हणून मान हलवली. तो शेंदरी दगड आता शाळेच्या ड्रमच्या झाकणावर असतो, वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून. मल्लव्वा जाता येता त्याच्यावर एक फूल ठेवते. कुणी हरकत घेत नाही. फुलानं कुणाची जीभ भाजत नाही.

आता तुम्ही विचाराल, रेश्मा बोलली का? नाही. बोलली असं सांगितलं असतं तर गोष्ट गोड झाली असती आणि मीही आणखी एक महाराज झालो असतो. ती बोलत नाही, कदाचित कधीच बोलणार नाही. पाठीवरच्या रेघा गेल्या नाहीत, जायच्याही नाहीत. त्यांतल्या काही कोरड्याच्या आहेत, काही सुपाच्या, आणि कुठली कुणाची हे वच्छलाला अंधारातही बोटानं सांगता येतं. बिड्या वळून झाल्या की ती दुपारी बागेत येते, चिंध्यांसाठी जुनं लुगडं फाडत बसते. रेश्मा पाणी घालत तिच्यापर्यंत येते, हरभऱ्याचं एक पान खुडते आणि तिच्या तोंडात कोंबते. वच्छला तोंड वाकडं करते. तिला आता त्यात ऐकू येतं काय ते तिचं तिलाच माहीत.

तुमच्या गावात भुई फोडून देव आला, तर खुशाल बघायला जा. आधी मातीला हात लावून बघा, ओली आहे का. ओली असेल तर पाणी कुणी घातलं ते विचारा. विचारताना कुणी अंगावर आला तर समजा, खाली काहीतरी पुरलंय. आणि कुणी तापलेला विळा घेऊन लेकराकडं निघाला, तर विचारत बसू नका. आधी लेकराला उचला.